होलुबेकच्या पाच सिंफन्या

आमच्या गावच्या होलुबेक महोत्सवाचा इतिहास मी दोनदा लिहिला आणि दोन्ही वेळा तो खोटाच छापला गेला. पहिल्यांदा मी घाबरले होते. दुसऱ्यांदा मी खरं तेच लिहिलं होतं.

याकुब होलुबेक अडीचशे वर्षांपूर्वी इथल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, पोरांना शिकवायचा. गाव त्याला पार विसरून गेलं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर ओताकर हावेल्का सर संगीतशाळेचे मुख्याध्यापक होऊन आले. ते चर्चच्या माळ्यावर चढले आणि कबुतरांच्या घाणीखालून एकोणीस सिंफन्यांची बाडं घेऊन खाली उतरले. हात लावला की कागदाचा भुगा व्हायचा. सरांनी दोन हिवाळे बसून सगळं आपल्या हातानं उतरवून घेतलं, तोवर मूळ कागदांचं पीठ झालं होतं.

१९५५च्या मे महिन्यात पहिला महोत्सव झाला. वादक अकरा. लोकांनी खुर्च्या घरून आणलेल्या, बायकांनी खसखशीचे गोड पाव, कोलाचे, भाजलेले. मी वाचनालयात नोकरीला होते आणि व्हायोला वाजवायचे. संथ भाग संपला तेव्हा कुणी टाळी वाजवेना. समोर बसलेला खाटीक रुमालानं नाक पुसत होता.

महोत्सव दरवर्षी व्हायचा, आणि दर तीन वर्षांनी सर एक नवी सिंफनी बसवायचे. आम्ही घाई केली की म्हणायचे, "अगं, एकोणीस आहेत. माझ्यामागेही पुरतील तुम्हाला."

अशा पाच झाल्या. मग १९६८ साली देशात परकी रणगाडे आले.

१९७० साली सगळ्या शिक्षकांना एकेक करून खोलीत बोलावलं गेलं. मित्रराष्ट्रांच्या सैन्यानं येऊन आपल्याला मदत केली, हे मान्य आहे का? सरांनी "नाही" म्हटलं. शाळा गेली, त्यांना दूध डेअरीच्या भट्टीवर कोळसा टाकायला लावलं. महोत्सवाच्या समितीतूनही त्यांना काढायचं होतं. सर सोडून आम्ही पाच सदस्य होतो, पाचांच्या सह्या हव्या होत्या. माझी यित्का चौदा वर्षांची होती, चेलो वाजवायची, पुढच्या वर्षी तिला ब्रनोच्या संगीत विद्यालयात पाठवायचं होतं. मी सही केली.

दुसऱ्या दिवशी सर वाचनालयात पुस्तक परत करायला आले.

"मिलाडा, केलीस सही?"

"केली, सर."

"यित्कासाठी?"

मी त्यांच्या पुस्तकावर परतीचा शिक्का मारला.

"मग ठीक आहे. तिचा डावा अंगठा फार ताठ असतो, सांग तिला."

त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

महोत्सवाचं विसावं वर्ष आलं. समितीचे सचिव कॉम्रेड क्रेपेल्का यांनी मला पुस्तिका लिहायला सांगितली. "हावेल्का हे नाव कुठे यायला नको."

"मग होलुबेक सापडला कुणाला?"

"जनतेला."

"जनता माळ्यावर चढली?"

"बाई, तुमची मुलगी अजून शिकतेय ना?"

मी लिहिलं : स्थानिक संगीतप्रेमींना या रचना सापडल्या.

रविवारी दुपारी गावातल्या जुन्या वाड्याच्या दालनात कार्यक्रम होता. मी दारावर तिकिटं बघत होते. सर आले, लग्नातला काळा सूट, नखांत कोळसा. रीतसर तिकीट काढून शेवटच्या रांगेत बसले. वादक सूर लावत असताना क्रेपेल्का माझ्या कानाशी आले. "जिल्ह्याचे साहेब येतायत. त्या माणसाला उठवा. तुमचं ऐकेल तो."

मी गेले. "सर, तुम्हाला जावं लागेल."

"संथ भागापर्यंत तरी बसू दे. मग आपणहून जातो."

"मला सांगितलंय, सर."

त्यांनी मग टोपी घेतली, आणि गुडघे आवळून बसलेल्या लोकांपुढून "माफ करा, माफ करा" म्हणत बाहेर पडले. एकानंही मान वर केली नाही. दार मी लावलं.

त्यानंतर ते रस्त्यात दिसले की मी पलीकडच्या बाजूला जायचे. आठ वर्षांनी ते वारले. दफनाला कुणी वाजवलं नाही. यित्का तेव्हा प्रागच्या वाद्यवृंदात होती. मीच तिला कळवलं, येऊ नकोस.

१९८९ साली राज्य बदललं. नव्या समितीचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर मारेश. ते म्हणाले, आता खरा इतिहास लिहा. मी सगळं लिहिलं. पाच सह्या, त्यात माझी. ती दुपार, ते दार. पुस्तिका छापून आली त्यात होतं : काही अडचणींमुळे हावेल्का यांना महोत्सवापासून दूर राहावं लागलं.

"लोक दोन घटका आनंदासाठी येतात, मिलाडाबाई," डॉक्टर म्हणाले. "आणि सह्या केलेले बाकीचे चौघं अजून गावातच राहतात. आता एकच करा. हावेल्काबाईंकडून उरलेल्या चौदा सिंफन्या तेवढ्या मागून आणा. यंदा नवी बसवू."

त्या सहीनंतर वीस वर्षांनी मी सरांच्या घराची घंटी वाजवली. सरांची बायको, बेला हावेल्कोवा, दारातच उभी राहिली. मी सिंफन्यांचं विचारलं.

"नाहीत," ती म्हणाली. "तू त्याला उठवलंस ना, त्या दुपारी तो घरी आला, उरलेली सगळी बाडं पोत्यात भरली आणि डेअरीवर घेऊन गेला. मी पाय धरले त्याचे. म्हणाला, यांना पाच पुष्कळ झाल्या."

"भट्टीत?"

"मग काय दुधात?"

मी पायरीवर बसले. तिनं मला उठवलं नाही, आत ये म्हटलं नाही. मग म्हणाली, "मला दार लावायचंय."

डॉक्टरांना मी जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला, आणि पुढच्या पुस्तिकेत लिहिलं की उर्वरित रचना काळाच्या ओघात नष्ट झाल्या.

महोत्सव अजून होतो. दरवर्षी त्याच पाचांतल्या दोन वाजतात, आता परदेशी पाहुणेही येतात. मी जाते, कारण गेले नाही तर लोक विचारतात, बरं नाही का? संथ भाग सुरू झाला की मी हातातल्या कार्यक्रमपत्रिकेवरची जाहिरात वाचत बसते.