रुमालाखालचा भाव

दर रविवारी ज्ञानेश्वरी सावेडीच्या वृद्धाश्रमात आबांना भेटायला यायची आणि दर रविवारी एकच खोटं बोलायची. पर्समधून घोडेगावच्या घराची किल्ली काढायची, वडिलांच्या डोळ्यांसमोर धरायची आणि म्हणायची, "घर नीट हाय आबा. तुमी बरं व्हा, मग जाऊ." घर दिवाळीतच विकलं होतं. घेणाऱ्यानं कुलूप बदललं, म्हणून किल्ली तेवढी मागं राहिली.

आबा म्हणजे बन्सी दलाल. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात चाळीस वर्षं रुमालाखाली बोटं दाबून त्यांनी सौदे जुळवले. अर्धांगवायूनं वाचा गेली, उजवी बाजू गेली. हिशोब मात्र जागेवर. किल्ली पाहिली की ते डाव्या हातानं खिडकीबाहेर रस्त्याकडं बोट दाखवायचे. घरी चल. त्या बोटाची तिला धास्ती वाटायची. शाळेत कारकुनी करणाऱ्या एकट्या विधवेनं इथले महिन्याचे अठरा हजार आणायचे कुठून? सल्ले द्यायला अख्खं गाव होतं. पैसे द्यायला कुणी नव्हतं.

आज दारातच आया रंगुबाई म्हणाली, "ताई, परवा तुमच्या गावचे मच्छिंद्रतात्या आल्ते. लई येळ बसले."

तात्यांनी घर विकल्याचं आबांना सांगितलं असणार, हे ज्ञानेश्वरीनं ओळखलं. तरी तिनं किल्ली काढलीच. सवयीचं खोटं सोडवत नाही.

आबांनी उशाचा टॉवेल ओढला, तिच्या हातावर टाकला आणि आपला डावा हात खाली सरकवला. लहानपणी त्यांनीच तिला ही भाषा शिकवली होती. एक बोट म्हणजे एक, पंजा म्हणजे पाच. शेकडा, हजार की लाख, ते माल बघून समजायचं. आणि एक नेम: तोंडानं काय हवं ते बोल, रुमालाखाली खोटं बोलायचं न्हाई.

त्यांनी किल्लीकडं बघून भुवया उडवल्या. कितीला?

तिनं पंजा दाबला, मग दोन बोटं. सात लाख.

आबांच्या कपाळाला आठी पडली. स्वस्तात दिलंस पोरी, असंच म्हणाले असते. मग त्यांनी खाटेवरून, खोलीवरून नजर फिरवली. आणि हे कितीला?

झाकली मूठ सव्वा लाखाची. तिनं मूठ आवळून धरली. त्यांनी ती हळूच उघडली. तिनं एक बोट दाबलं, थांबून पंजा आणि तीन. अठरा हजार.

आबांचे ओठ हलले, बाजारात हिशोब करताना हलायचे तसे. मग त्यांनी तिची तीन बोटं दाबली.

तीन काय? तिला आधी कळेना. कळलं तेव्हा ती गार पडली. सात लाखांत इथली तीन वर्षं निघत होती. आबा स्वतःचा सौदा करत होते. तीन वर्षांत उरकतो म्हणत होते.

"न्हाई आबा!" तिनं चार दाबली. त्यांनी तीन. तिनं अख्खा पंजाच धरला आणि सोडेना. "पाच. धा. मी बघते काय ते." कसं बघणार, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

आबा अर्ध्या तोंडानं हसले. पुन्हा तीन दाबली आणि टॉवेल ओढून काढला. रुमाल निघाला की सौदा पक्का, हे घोडेगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

निघताना ती दारात वळली. आबा भिंतीकडं बघत पडले होते. इतके दिवस ज्या बोटाची धास्ती घेतली, ते आज रस्त्याकडं उठलंच नव्हतं. ते उठेल म्हणून ती किल्ली हातात धरून बराच वेळ उभी राहिली.