झाकणीचा वास

माझी भाची वासेया वर्षभर बेरी खाणार नाही असं ठरलं, तेव्हा मी मनात म्हटलं, बघू किती दिवस टिकतंय! पोरगी वयात आली की उत्तर अमेरिकेतल्या आम्हा अनिशिनाबे लोकांत हे व्रत असतं. स्ट्रॉबेरी नाही, ब्लूबेरी नाही, बोटभर जॅमसुद्धा नाही. वर्ष सरलं की सगळ्यांसमोर आईनं पहिला घास भरवायचा.

पोरगी टिकली की हो! आईच टिकली नाही. माझी धाकटी बहीण फिलोमेन ऐन बर्फाच्या दिवसांत वारली. त्यानंतर वणव्यात तळ्यापलीकडचा सगळा माळ जळाला, ब्लूबेरीची झुडपंही गेली.

व्रत सोडायच्या दिवशी मी शहरातून आणलेली ब्लूबेरीची डबी टेबलावर ठेवली. वासेयानं ती परत माझ्याकडे सरकवली.

"मावशी, ही नको."

"का गं? काटे आहेत हिला?"

"आई म्हणाली होती, मी तोडलेल्या बेरींनीच तुझं व्रत सुटणार. तिच्या हातच्या नसतील तर मी अजून एक वर्ष व्रत धरते."

"धर! दोन वर्षं धर! अख्खं गाव जेवायला येतंय, त्यांना काय सांगू? उपाशी जा म्हणून?"

मेलेल्या माणसानं तोडलेल्या बेरी मी कुठून आणू, हे अगदी ओठावर आलं होतं. ते गिळलं आणि मोठं पातेलं आणायला फिलोमेनच्या घरामागच्या खोपीत गेले. ती गेल्यापासून तिकडं कुणी फिरकलं नव्हतं.

दार ओढलं आणि जागच्या जागी थांबले. झाकणीचा वास!

झाकणी म्हणजे माळावरचं नेच्यासारख्या पानांचं झुडूप. नुसतं घासून गेलं तरी घमघमतं. बेरीच्या टोपलीत खाली आणि वर त्याची पानं घालायची, मग फळ खराब होत नाही. पण माळावर यंदा एक काडी उभी नव्हती. मग हा वास कुठला?

मी पातेलं विसरले. वासामागं वासामागं जात आढ्याशी हात घातला, तर भूर्जाच्या सालीची पेटी लागली, झाकण शिवून बंद केलेली. टाके वाकडेतिकडे. डावखुऱ्या फिलोमेनचेच!

गेल्या उन्हाळ्यात मी तिच्यावर केवढी ओरडले होते! "पोरीचं व्रत, आणि तू घरात बेरी आणतेस? लाज कशी नाही वाटत?" ती हसून म्हणाली होती, "बरं बाई, नाही आणत घरात." नव्हत्याच आणल्या. इथं ठेवल्या होत्या.

मी टाके उसवले. वर तपकिरी पानं, खाली वाळलेल्या ब्लूबेरी. बुरशीचा ठिपका नाही. माळ जळाला, तोडणारी गेली, आणि त्या पानांनी हे सगळं राखून ठेवलं होतं. मी तिथंच जमिनीवर बसले आणि पेटीला हात जोडले.

दुपारी सगळे गोल बसले. वासेयानं टाके बघितले आणि पेटी छातीशी धरली. विधी चालवणाऱ्या शार्लट आजीनं खूण केली तशी मी झाकणीच्या पानावर चार बेरी घेऊन तिच्यापुढं धरल्या. रीतीप्रमाणं पोरीनं तीनदा नाही म्हणायचं, दर वेळी कुणासाठी तरी बेरी सोडायची, आणि चौथ्यांदा खायची.

"नको. गावातल्या लहान पोरांसाठी."

"नको. म्हाताऱ्यांसाठी."

तिसऱ्या वेळी ती पेटीचे टाके चाचपत राहिली. "घाई नाही गं बाळा," शार्लट आजी म्हणाली.

"नको. आईसाठी."

चौथ्यांदा मी चिमटीत बेरी घेऊन तिच्या तोंडाशी नेली. तिनं माझं मनगट धरलं.

"मावशी, रागावू नकोस. तू भरवू नको, आईच भरवेल. तिनं घातलेलं पान नुसतं धर."

मी बेरी परत पानावर ठेवली. पोरगी वाकली आणि पानावरून तोंडानंच तिनं ती उचलली.