घागर येईपर्यंत

"अब्बासनं मशक भरली," एवढं बोलून नबीलाल थांबला आणि त्याने जाधवांच्या बोळाकडे पाहिलं. बोळात कुणी नव्हतं. एक शेळी तेवढी भिंतीला अंग घासत उभी होती.

दहिवडीच्या वरच्या अंगाच्या ह्या गावात नबीलाल मुलाणी दर मोहरमात, दुपार कलली की, ताबुतापुढे बसून करबलाची गोष्ट सांगतो. उभं आयुष्य जत्रांच्या तंबू टॉकीजमध्ये मशीन चालवण्यात गेलेलं. लढाई कुठे लांबवायची आणि रडणं कुठे आटोपतं घ्यायचं, हे त्याला पडद्याने शिकवलं, बाकीचं पुस्तकांनी. मशीनच्या फटीतून पडणाऱ्या उजेडात कुराणाचा मराठी तर्जुमा वाचणारा, आदिलशाहीत कोण कुणाच्या बाजूने लढलं ह्यावर चहा थंड करणारा हा माणूस गावाला जरा चक्रमच वाटायचा. ऐकून घ्यायला एकटा ज्ञानू जाधव. फौजेतून परतलेला, पुस्तकाला चुकून हात न लावणारा. "तू वाच, मी भांडतो," अशी दोघांची वाटणी होती आणि ती दोघांनी इमानेइतबारे पाळली.

गोष्टीला इंटरवल होता. फुरात नदीवर पहारा आहे, इमाम हुसेनच्या तंबूत लेकरं तहानेने तळमळताहेत आणि भाऊ अब्बास कातड्याची मशक घेऊन नदीवर जातो. मशक भरतो. फार वर्षांपूर्वी, सांगणारा दुसरा असताना, ज्ञानूचा आजा, तेव्हा बारक्या पोरांत बसणारा पोरगा, इथवर ऐकून हुंदके देत उठला आणि घरच्या विहिरीची घागर घेऊन आला. तेव्हापासून गोष्ट इथे थांबते. जाधवांची घागर येते, गेली कित्येक वर्षं ज्ञानूच्या खांद्यावर, सगळे पाणी पितात, शेवटचा घोट सांगणाऱ्याचा, आणि मगच अब्बास माघारी फिरतो. माणासारख्या दुष्काळी मुलखात ही चाल कुणाला समजावून सांगावी लागली नाही.

एकदा नबीलाल चार पुस्तकं धुंडाळून ज्ञानूकडे आला होता. "गड्या, मशकीचं हे सगळ्यांनी सारखं लिहिलेलं न्हाई. एका ठिकाणी तर नावबी न्हाई."

ज्ञानूने बिडी विझवली. "पुस्तकात न्हाई म्हणून तहान नव्हती व्हय रं?"

नबीलाल त्यानंतर कितीतरी दिवस त्यावर उत्तर शोधत होता. सापडलं तरी आता सांगायचं कुणाला? ज्ञानू चैत्रात गेला. नबीलालने खांदा दिला, घरी आला आणि त्यानंतर त्याने एकही पुस्तक उघडलं नाही. फार एकटा पडला बिचारा.

काल तो घागरीची आठवण द्यायला जाधवांच्या दारात जाऊन उभा राहिला होता. ज्ञानूचा नातू वीरधवल मोटरसायकल पुसत होता. पोरगा वाईट नाही, लहानपणी नबीलालच्याच मांडीवर बसून सिनेमाच्या गोष्टी ऐकलेला.

"चाचा, आजोबा गेल्यात. वरीसभर घरात सण न्हाई."

"ह्यो सण न्हाई रं. दुखवटाच हाय."

वीरधवलने फडकं पिळलं. मान वर केली नाही. "गावातली पोरं ताबुताच्या पाण्यावरनं लय काय काय बोलत्यात चाचा. ऱ्हाऊ द्या ह्या साली."

आत साळूबाई, ज्ञानूची बायको, कंबर धरून उभी असलेली त्याला दिसली.

आणि आता बोळ रिकामा होता. ताबुतापुढे माणसं आधीच कमी. त्यातली दोघं मोबाईलमध्ये बघत होती.

"चाचा, म्होरं सांगा की," त्यातलाच एक, अर्जुना म्हणाला. "दुकानातनं बाटल्या आणू का पाण्याच्या?"

"नगं." नबीलालने बोळावरची नजर काढली नाही. "घागर आली न्हाई, तर अब्बास नदीवरच ऱ्हाईल. ह्या साली आन् म्होरंबी. मी पुन्यांदा सांगणार न्हाई."

ऊन भिंतीवर चढलं. अर्जुना उठून चप्पल शोधू लागला, आणि तेवढ्यात शेळी बाजूला सरली.

साळूबाई येत होती. एकटी. घागर कमरेवर, एक हात भिंतीला. चार पावलं टाकायची, थांबायची. प्रत्येक पावलाला घागर हिंदकळत होती. नबीलाल धावला.

"वैनी, आवं तुमी कशाला?"

"मग कोन?" तिला धाप लागली होती. "लय सांडलं भावजी वाटंत. त्यांना जमायचं. मला न्हाई जमलं."

तिचं लुगडं कमरेपासून घोट्यापर्यंत ओलं झालं होतं. नबीलालने घागर घेतली. हाताला हलकी लागली.

पुढे काय होतं ते सगळ्यांना पाठ होतं. मशकीला बाण लागतो, पाणी वाळूत जातं आणि अब्बास तंबूपर्यंत पोचत नाही. सगळे साळूबाईच्या ओल्या लुगड्याकडे बघत राहिले. मोबाईलवाल्यांनी मोबाईल खिशात घातले.

पाणी ओंजळ ओंजळ वाटलं. नबीलालने पहिली ओंजळ साळूबाईला दिली. घागर उपडी केल्यावर पेल्यात एक घोट उरला. तो सांगणाऱ्याचा. नबीलालने पेला ओठांपर्यंत नेला, मग खाली वाकून ज्ञानू बसायचा त्या पायरीवर ठेवला, आणि कोरड्या घशानेच पुढची गोष्ट सांगायला लागला.