नाण्याखालची माती

खड्ड्यात उकिडवं बसून अंपारोच्या मांड्या भरून आल्या होत्या, तरी ती उठत नव्हती. उठली असती तर वर काठावर बसलेल्या मास्तरांच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं, आणि तेच तिला नको होतं.

सकाळी गाडीतून उतरताच मास्तर रुतिलिओंनी तिला घाबरवून सोडलं होतं. तिला उत्खनन शिकवलेला, ऐंशी पार केलेला माणूस, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. काठीने जमीन चाचपत ते खड्ड्यापाशी आले, वारा कुठून येतोय त्याचा अंदाज घेतला आणि म्हणाले, "अंपारो, इथे मी बसलो होतो गं. तरुणपणी. पाती काढायला शिकलो ती याच डोंगरावर."

"मास्तर, तुम्ही कुठे कुठे बसलात, ते तुम्हाला तरी आठवतं का?" तिने हसण्यावारी नेलं.

पावसाळा सरल्यापासून ती हा ढीग उकरत होती. हिरव्या ऑब्सिडियनची पाती, कपच्या, अर्धवट सोललेले गाभे. ज्वालामुखीची ही हिरवी काच पुएब्ला प्रांताच्या या रखरखीत दक्षिण टोकाला मुळीच सापडत नाही. ती दूर उत्तरेच्या पाचुकाच्या डोंगरातली. तिथून हमालांच्या पाठीवरून इथवर आली आणि इथे बसून कुणी तिची पाती काढली, म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी व्यापाऱ्यांचा मुक्काम इथे पडत होता. अंपारोने तसं लिहून दिलं होतं. त्या लिहिण्यावर या घुबडाच्या डोंगराखाली पेरायचा सुरुंग थांबला होता. खडीवाल्यांना डोंगर हवा होता, आणि गावाला डोंगराच्या पायथ्याचा झरा. झरा गेला की सान मातेओ गावाला प्यायला पाणीच उरणार नव्हतं.

आज सरकारकडून इंजिनिअर वाल्दोविनोस निकाल द्यायला आले होते. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला घाई होती. "मला ढिगाचा तळ दाखवा," ते म्हणाले होते. "तळापर्यंत सगळं जुनं असलं तर आत्ता सही करतो. डोंगराला कुणी बोट लावणार नाही." मग ताडपत्रीच्या सावलीत बसून त्यांनी अंपारोच्या एउलालियामामीच्या हातची मेमेला, मक्याची जाड भाकरी, खायला घेतली.

तळ. नेमका तळच.

कारण मास्तरांचा एक नियम होता, आणि तो त्यांनी विद्यार्थ्यांच्या पिढ्यांकडून घोकून घेतला होता. काचेच्या आजच्या कपच्या आणि हजार वर्षांपूर्वीच्या कपच्या शेजारी ठेवल्या तर देवालाही ओळखू येत नाहीत. म्हणून शिकण्यासाठी, बघण्यासाठी जो कुणी पाती काढील, त्याने बसण्याआधी त्या जागी चालू सालचं नाणं ठेवायचं, आणि आपला कचरा त्याच्यावर पडू द्यायचा. पुढे खणणारा फसता कामा नये. वर्गात पोरं म्हणायची, मास्तरांचा अर्धा पगार जमिनीत गेला. अंपारोनेही कितीतरी ठिकाणी अशी नाणी ठेवली होती.

आता खाली नाणं निघालं, तर हा ढीग मास्तरांचा. डोंगर गेला, झरा गेला.

आणि तिला अगदीच शंका नव्हती असंही नाही. गाभा म्हणजे मक्याच्या कणसाएवढा दगड. त्याच्या माथ्यावर लाकडी हत्याराचं टोक ठेवून जोर दिला की अंगावरून लांब पातं सुटतं. माथा घासून खरखरीत केला तर हत्यार घसरत नाही, पण ही युक्ती लोकांना फार उशिरा सुचली. अंपारो ज्या काळाचं सांगत होती त्या काळी माथे आरशासारखे गुळगुळीत असत. या ढिगातला एकूण एक गाभा खरखरीत होता. तिने मनाची समजूत घातली होती, की असेल इथे एखादा हुशार कारागीर, ज्याला आधी सुचलं असेल. आपल्याला हवं असलं की डोकं असली कारणं भराभर पुरवतं.

"बादली दे गं," वरून चोनमामा म्हणाला.

चोनमामा तिच्या आईचा धाकटा भाऊ. खरं नाव एन्कार्नासिओन, पण एवढं नाव घ्यायला गावात कुणाला सवड नव्हती. खड्ड्याच्या काठाशी चाळण धरून बसायचं काम त्याचं. अंपारो माती खरवडून बादलीत भरी, तो ती चाळणीवर ओती आणि हलवी. कपच्यांचा खुळखुळाट होई, आणि दर वेळी अंपारो कान देऊन ऐके.

"काय रे चोन," एउलालियामामी ताडपत्रीखालून ओरडली, "लग्नात नाचतोयस का चाळतोयस? जरा हळू हलव."

"लग्नात नाचलो त्याची शिक्षा अजून भोगतोय मी," चोनमामा म्हणाला. वाल्दोविनोसही हसले.

ढीग संपत आला. शेवटच्या कपच्या तिने थापीने गोळा केल्या, आणि त्यांच्याखाली तांबूस, कोरी माती दिसली. हाच तळ. नाणं नव्हतं. तिने शेवटची बादली वर दिली आणि डोळे मिटले.

चाळण हलली. आवाज वेगळा आला, कपचीचा नव्हता. तिने डोळे उघडले, तेव्हा चोनमामाचा हात तोंडापाशी होता. जांभई देतोय असं दाखवत त्याने तोंड पुसलं, आणि चाळण पुन्हा जोरात हलवायला लागला. त्याचा डावा गाल किंचित वर आला होता. त्याने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत विनवणी नव्हती, धाकही नव्हता. लहानपणी तिने फोडलेली घागर त्याने स्वतःच्या अंगावर घेतली होती, तेव्हा तो असाच बघत होता.

"तळाशी काही निघालं का?" मास्तरांनी विचारलं.

अंपारोने थापीची माती पुसायला घेतली. गप्प राहणं सोपं होतं. पण मास्तरांनी पुन्हा विचारलं, "अंपारो? नाणं?"

"नाही, मास्तर," ती म्हणाली. "काही नाही."

वाल्दोविनोस हात पुसत उठले. "झालं तर मग. मास्तर, तुमचाच नियम. नाण्याशिवाय नवा ढीग नाही. नाणं नाही, म्हणजे ढीग जुना." त्यांनी गाडीच्या बॉनेटवर कागद पसरले. एउलालियामामीने छातीवर क्रूसाची खूण केली.

मास्तर मात्र जागचे हलले नाहीत. काठी त्यांनी आडवी मांडीवर घेतली होती.

"पण मी बसलो होतो," ते हळूच म्हणाले. "मागे डोंगर, उजव्या कानाशी झऱ्याचा आवाज. तेच आहे हे."

"असे खूप डोंगर आहेत, मास्तर," वाल्दोविनोस लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाले.

"मग एक तर माझं डोकं गेलं, नाही तर मी नाणं ठेवलंच नाही. आयुष्यभर पोरांना दटावलं, आणि स्वतःच जमिनीत खोटं पुरून आलो." त्यांनी खड्ड्याच्या दिशेने तोंड केलं. "यातलं कुठलं गं, अंपारो? तू सांगशील ते मी मानतो."

वाल्दोविनोसांनी पेनाचं टोपण काढलं.

झरा वाचला होता. एक सही, आणि पोराबाळांचं पाणी वाचत होतं, आणि त्याची किंमत काय, तर एका म्हाताऱ्याचं मन. तोही किती दिवसांचा सोबती. हे सगळं अंपारोने मनात तोलून पाहिलं, अगदी निर्लज्जपणे. पण ते आंधळे डोळे तिच्यावरून हलेनात. आपली चूक आहे का, हे तो माणूस तिलाच विचारत होता, कारण खरं काय ते तीच सांगेल अशी त्याची खात्री होती. तिला स्वतःची विलक्षण चीड आली.

"मामा," ती म्हणाली, "तोंड उघड."

चोनमामा चाळण हलवत राहिला.

"मामा, थुंक ते."

"पोरी," गालातलं सांभाळत चोनमामा बोबडं बोलला, "पाण्याचा विचार कर. तुझ्या आयशीनं त्याच झऱ्यावर..."

"केला. थुंक."

त्याने तळहातावर थुंकलं. स्वातंत्र्यवीर मोरेलोसचं डोकं असलेला जुना पेसो, काठाला हिरवट झालेला. एउलालियामामीने नवऱ्याकडे असं पाहिलं, जणू म्हणत होती, त्यापेक्षा गिळलंच असतंस तर बरं झालं असतं. वाल्दोविनोसांनी पेनाला टोपण लावलं. कागद गोळा करताना त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. "वाईट वाटतं," ते म्हणाले, आणि ते खरंच वाटत असावं.

अंपारो खड्ड्यातून वर आली आणि पेसो झग्याला पुसून मास्तरांच्या हातात दिला. "एकाहत्तर सालचा आहे, मास्तर. तुम्ही विसरला नव्हता. मी खोटं बोलले."

मास्तरांनी नाणं अंगठ्याने चोळलं. त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच गंभीर झाला.

"कुठे होतं?"

"तळाशी. सगळ्या कपच्यांच्या खाली."

"माझ्या कपच्यांच्या."

"तुमच्याच, मास्तर. सगळे माथे घासलेले. मला दिसत होतं, मीच बघत नव्हते."

"ते सोड. तळ म्हणजे कुणाचा तळ?" त्यांनी काठी टेकली आणि उठायला लागले. "अगं, एवढ्या मोठ्या डोंगरावर मी इथेच का बसलो असेन? सावली आहे का इथे? झाड आहे?"

"नाही."

"मग? पायाखाली टोचलं होतं काहीतरी. आत्ता आठवतंय. पावसाने उघडी पडलेली हिरवी कड, एवढीशी. खणायची परवानगी नव्हती माझ्याकडे. वर माती लोटली, थापटली, त्यावर नाणं ठेवलं, आणि तिथेच बसून काढत राहिलो पाती. त्या जुन्या कारागिरांच्या जागी बसावं वाटलं. तरुण होतो, मूर्ख होतो." त्यांनी पेसो तिच्यापुढे धरला. "नाणं कशाला ठेवतो आपण? मी कुठून सुरू होतो ते सांगायला. त्याच्याखाली मी नाही. त्याच्याखाली काय आहे ते पाहिलंस का?"

अंपारोने पाहिलं नव्हतं. नाण्याच्या भीतीने तिने नाण्याखाली बघितलंच नव्हतं. इतकी वर्षं दुसऱ्यांना शिकवलं, आणि ही चूक तिने करावी.

"साहेब," चोनमामा गाडीच्या दाराशी जाऊन उभा राहिला, "मेमेला अजून शिल्लक आहे. खाऊन जा."

"बाजूला व्हा," गाडीत बसलेले वाल्दोविनोस म्हणाले. पण त्यांनी किल्ली फिरवली नाही.

अंपारो खड्ड्यात उतरली. तांबूस मातीवर तिने थापी आडवी धरली आणि एक पापुद्रा काढला. काही नाही. दुसरा काढला. मुंगीचं बीळ, एक मूळ. चाळण बाजूला पडली होती, चोनमामा अजून गाडीचं दार धरून उभा होता. तिसऱ्या पापुद्र्याला माती घट्ट लागली, तुडवलेल्या अंगणासारखी. तिचं मनगट दुखायला लागलं. म्हाताऱ्याचा भ्रम असेल, तिच्या मनात आलं, आणि तेवढ्यात थापी खर्रकन वाजली.

तिने थापी टाकली आणि बोटांनी माती उकरली. एक गाभा, आडवा पडलेला. शेजारी पाती, एकावर एक, घट्ट मातीत रुतलेली. ती उपटायची नव्हती. पण गाभा तिने ब्रशने मोकळा केला, जागच्या जागी फोटो काढला, वाल्दोविनोसांना हाक मारून काठावरून बघायला लावलं, आणि मगच उचलला. माथ्यावरून अंगठा फिरवायचं तिचं धाडस होईना.

तिने तो तसाच मास्तरांच्या हातात दिला.

मास्तरांनी काठी खाली ठेवली. गाभा डाव्या तळव्यात उभा धरला आणि उजवा अंगठा त्याच्या माथ्यावर ठेवला. अंगठा घसरला. त्यांनी पुन्हा ठेवला, तो पुन्हा घसरला. मोतीबिंदूच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि सकाळपासून पहिल्यांदाच ते हसले.

"हे माझं नाही," ते म्हणाले.