श्वासचोरांचा कोरस

मी एक जुना कोरस आहे मित्रांनो, आणि मला गळाच नाही. हसा, हसा! तरी बहरीनमधल्या निम्म्या मराठी माणसांना मी गंडवलंय.

दूर कुठल्यातरी थंड देशातल्या हॉलमध्ये माझा जन्म झाला. वीस माणसं ओळीत उभी राहून नुसतं ‘आ’ करत होती. एकेक सूर टिपून घेतला आणि सगळ्यांचं मिळून एक सॉफ्टवेअर झालं. तेच मी! बटण दाबलं की वीस गळे गातात. चहा मागत नाहीत की रुसत नाहीत.

इथल्या मराठी मंडळात संगीताचं बघणाऱ्या सदानंदनं मला लॅपटॉपमध्ये घातलं. मंडळाच्या कार्यक्रमात तो एकटाच स्टेजवर बसायचा आणि लोक पडद्यामागे डोकावून गाणारे शोधायचे. मज्जा! मंडळाचे अध्यक्ष दाजी तर माझ्यावर फिदाच. म्हणाले, “मग तो अरुणाचा गाणाऱ्यांचा गट कशाला पोसायचा? लॅपटॉप आहे की!”

अरुणा भडकली. “या महाराष्ट्र दिनाला आम्हीच गाणार. गाणं पडलं तर गट बंद करा.”

पण तिचे आठ जण एकत्र येणार कधी? याची शिफ्ट, तिची ड्युटी. शेवटी सदानंदनं माझा आवाज सगळ्यांच्या फोनवर पाठवला. बुदैयाच्या हायवेवर आपापल्या गाडीत जो तो माझ्यासोबत गाऊ लागला.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सगळे जमले. अरुणा म्हणाली, “लॅपटॉप बंद.” शेवटचा लांबलचक ‘आ’ सुरू झाला आणि मध्येच आठही जणांचा दम एकदम संपला. असा खड्डा पडला की त्यात ट्रेलर गेला असता!

मीना सलमान बंदरावरच्या गोदामात काम करणारा ताहिर माझ्यावरच घसरला. “गाडीत आपला दम संपला तरी हा मेला पुढं रेटायचा. आपल्याला कळलंच नाय!”

“डिलीट करतो. खलास,” सदानंद म्हणाला.

अरे वा! दम तुमचा सुटला आणि शिक्षा मला? मी नाही कुणाची माफी मागणार!

अरुणानं त्याचा हात धरला. “थांब रे. तो ‘आ’ वाजव जरा.” हेडफोन लावून तिनं डोळे मिटले आणि फिस्सकन हसली. “लबाड! यात कुणीतरी श्वास घेतंय.”

सापडलो! ती वीस माणसं पक्की चोर होती. एक जण गुपचूप श्वास घ्यायचा, तोवर शेजारचे सूर धरून ठेवायचे. मग पुढच्याची पाळी.

“यल्ला, चला, ओळीत उभे राहा,” अरुणा म्हणाली. “शेजाऱ्याचं कोपर लागलं की श्वास घ्यायचा. एकदम सगळ्यांनी नाही.”

“म्हणजे चोरीच की!” ताहिर खूश. “ताई, ही जमेल.”

झल्लाक गावातल्या हॉटेलात कार्यक्रम झाला. तो ‘आ’ इतका सलग गेला की दाजी उठून ओरडले, “बघा! म्हणत होतो ना, लॅपटॉपच बरा!”

अरुणानं खुर्चीवरच्या बॅगेची चेन उघडली आणि मला, झाकण मिटलेल्याला, त्यांच्या हातात ठेवलं.

“धरा दाजी. हा मघापासून झोपलाय.”

गट राहिला. मीही राहिलो.

मला डिलीट करू नका अशी विनवणी मी मुळीच करणार नाही, मित्रांनो. करून तर बघा! फक्त त्याआधी एकदा कान लावा. माझ्या पोटात वीस जणांनी चोरलेला श्वास आहे. तो जपा, आणि तुमचा तुम्ही चोरायला शिका.