मी सांगेन तेच लिही

वकील दहावीला इंग्रजीत चार मार्कांनी गेली, तेव्हा शाळेत कुणाला ते खरंच वाटेना. बाकीच्या सगळ्या विषयांत ती छान पास झाली होती, इतिहासात तर वर्गात दुसरी. वकील हे काही तिचं खरं नाव नव्हे. कशालाही "पण का?" विचारायची तिची खोड, आणि उत्तर पटेपर्यंत समोरच्याला सोडायची नाही, म्हणून शिक्षकांच्या खोलीतच हे नाव पडलं होतं. पाचवीत असताना एका आजारात तिची दृष्टी गेली. "डोळे मिटले आणि तोंड दुप्पट उघडलं," असं तिचे वडीलच म्हणायचे. शाळेसमोर त्यांची बेकरी होती.

गोम होती ती पेपर लिहिण्यात. वकील उत्तरं सांगणार आणि दुसरं कुणीतरी ती उतरवून घेणार, म्हणजे लेखनिक. लेखनिक खालच्या इयत्तेतलाच हवा असा नियम, आणि प्रश्नपत्रिकाही त्यानेच वाचून दाखवायची. गेल्या खेपेला आदल्या दिवशी कुणाला तरी धरून आणलं होतं. त्याने उताऱ्यातल्या 'आयलंड'चं 'इसलँड' केलं. वकील बिचारी इसलँड हा कुणी माणूस आहे असं समजून पाऊण तास त्याच्या स्वभावाबद्दल उत्तरं सांगत बसली.

हे सगळं इंग्रजीच्या बाईंना निकालानंतर कळलं आणि त्यांच्या मनाला फार लागलं. वर्षभर आपण हिला शिकवलं, पण पेपर कोण वाचणार, कसा वाचणार, याची साधी चौकशी केली नाही. फेरपरीक्षेला सहा आठवडे होते. बाईंनी या वेळी आधी लेखनिक शोधला.

आठवीत एक मुलगी होती. तिला सगळे खोडरबर म्हणत, कारण ओळ लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची, असं तिचं चाले. अक्षर मात्र छापल्यासारखं. आई बस कंडक्टर, घरी धाकटी दोन भावंडं. विचारल्यावर ती म्हणाली, "मला जमेल का?" आणि लगेच, "जमेल."

शाळा सुटल्यावर तिघी भूगोलाच्या खोलीत बसू लागल्या. तिथे गुंडाळलेले नकाशे, एक मोठा पृथ्वीगोल आणि दार लावलं तर शांतता, एवढं सगळं होतं. पृथ्वीगोलावर डोंगर उंचवट्याने दाखवले होते. विचार करताना वकील त्यावरून बोटं फिरवत राहायची.

पहिला आठवडा खोडरबरला वाचायला शिकवण्यातच गेला.

"क्नाइफ," खोडरबरने वाचलं.

"नाइफ," बाई म्हणाल्या. "पहिल्या अक्षराचा उच्चार करायचा नाही."

"मग ते लिहितात कशाला?" हे अर्थात वकिलाने विचारलं.

"ते तू इंग्रजांना विचार."

"विचारेन. पण त्यासाठी आधी इंग्रजीत पास व्हायला हवं, ही पंचाईत आहे."

खोडरबर खुदकन हसली, आणि त्या दिवसापासून दोघींचं जुळलं. बाईंनी काही सुचवायच्या आधीच त्यांनी आपल्या खुणा ठरवल्या. टेबलावर एक टिचकी म्हणजे स्वल्पविराम, दोन म्हणजे पूर्णविराम. अडलेला शब्द आला तर खोडरबरने उच्चाराच्या भानगडीत न पडता एकेक अक्षर सांगायचं. घरी जाताना वकील तिच्या कोपराला धरून जिना उतरायची आणि खोडरबर पायऱ्या इंग्रजीत मोजायची. नव्वदपर्यंत पायऱ्या असत्या तर बरं झालं असतं, असं बाईंच्या मनात यायचं, कारण आकड्यांचे उच्चार अजून कच्चे होते.

खरी अडचण निराळीच निघाली. वकिलाचं इंग्रजी कानावर पोसलेलं. रेडिओ ऐकून ऐकून शब्द भरपूर जमले होते, बोलण्यात ऐटही होती. पण व्याकरणाची गाडी ठरलेल्या जागीच घसरायची. 'डिड नॉट'नंतर ती हमखास 'वेन्ट' म्हणे. बाईंनी दहादा सांगितलं, तिने दहादा बरोबर म्हणून दाखवलं, आणि निबंध सांगताना अकराव्यांदा तेच. सरावाच्या तीन पेपरांत मार्क पडले एकतीस, तेहतीस आणि चौतीस. पास व्हायला पस्तीस लागत.

एका मार्काने बाईंची झोप उडाली. चौथ्या पेपराच्या आदल्या दिवशी त्यांनी खोडरबरला जिन्यात गाठलं. वकील पाणी प्यायला गेली होती.

"हे बघ," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "ती 'डिड नॉट वेन्ट' म्हणाली ना, तर तू आपलं 'गो' लिहून टाक. तुला येतंच ते. तेवढ्याने कुणाचं काही जात नाही."

खोडरबरने बाईंकडे पाहिलं. "पण नियम आहे ना, की ती सांगेल तेच—"

"मला माहीत आहे नियम. एवढ्याएवढ्याने मुलगी वर्षभर घरी बसेल, ते चालेल तुला?"

खोडरबरने मान हलवली. ती हो होती की नाही, हे बाईंनी विचारलं नाही.

चौथ्या पेपरात एक्केचाळीस मार्क पडले. बाई खूश झाल्या आणि त्या भरात त्यांनी निबंध मोठ्याने वाचून दाखवला. तिसऱ्या परिच्छेदात वकिलाने हात वर केला.

"थांबा. 'डिड नॉट गो'?"

"हो. या वेळी बरोबर सांगितलंस."

"नाही. मी 'वेन्ट' म्हणाले होते. मला पक्कं आठवतंय, कारण म्हणताना मला शंका आली होती." तिने मान खोडरबरच्या दिशेला वळवली. "तू बदललंस?"

खोडरबरची खुर्ची करकरली.

"आणखी कुठे कुठे बदललंस? बाई, पुढे वाचा."

बाईंनी वाचलं. आणखी चार जागा निघाल्या. प्रत्येक जागेला वकिलाचा आवाज चढत गेला. "माझा पेपर आहे हा! मला दिसत नाही, मी बोलते आणि कागदावर काय उमटतं ते मला कळत नाही. तुझ्यावर विश्वास ठेवण्यावाचून मला गत्यंतर आहे का? आणि तू मला न सांगता... चोर आहेस तू!"

खोडरबरचा चेहरा लालबुंद झाला. तिने बाईंकडे पाहिलं. एकदाच. बाईंनी हातातले कागद जुळवले, टेबलावर आपटून त्यांच्या कडा सारख्या केल्या, आणि म्हणाल्या, "बरं, आज इथेच थांबू या."

खोडरबर दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शाळेत यायची, वर्गात बसायची. शाळा सुटली की सरळ घरी. वकील म्हणाली, "बरंच झालं, दुसरी बघा." पण म्हणताना तिची बोटं पृथ्वीगोलावर एकाच जागी थांबली होती.

बाईंना स्वतःचं नवल वाटत होतं. पंचवीस वर्षं त्या शिकवत होत्या. मुलांनी खोटं बोलू नये म्हणून त्यांनी किती वेळा कान उपटले असतील. आणि नेमक्या वेळी एक वाक्य बोलायचं होतं, "मीच सांगितलं होतं तिला", तर तेवढं बोलवलं नाही. तेरा वर्षांच्या पोरीने आपलं नाव घेतलं नाही, आणि आपण कागदाच्या कडा जुळवत बसलो. भाजी चिरताना, वर्गात फळा पुसताना, तो पोरीचा चेहरा त्यांच्यासमोर येत होता. परीक्षेला दहा दिवस उरले होते. पण खरं सांगायचं तर बाईंना आता परीक्षेपेक्षा तो चेहरा जड झाला होता.

रविवारी दुपारी त्या बेकरीत गेल्या. वकील काउंटरमागे स्टुलावर बसून थाळ्यातली फुटकी बिस्किटं वेगळी काढत होती. बोट लावलं की तिला अख्खं कोणतं, फुटकं कोणतं ते कळायचं. पावलांवरून तिने बाईंना ओळखलं.

"बाई, तुम्ही? बसा ना."

बाई बसल्या नाहीत. "खोडरबरला मी सांगितलं होतं. तिने आपल्या मनाने काही केलं नाही."

बिस्किटांवरचा हात थांबला. "काय सांगितलं होतं?"

"तू चुकलीस तर बरोबर लिही म्हणून."

"मी तिला चोर म्हटलं, तेव्हा तुम्ही तिथेच होतात."

"होते."

"आणि काही बोलला नाहीत."

"नाही बोलले."

आता ही आकांडतांडव करणार, अशी तयारी करूनच बाई आल्या होत्या. पण वकिलाने बिस्किटांचा थाळा बाजूला सरकवला. मग ती म्हणाली, "म्हणजे तुम्हाला वाटतं, मी स्वतःच्या जोरावर पास होणार नाही."

"मला भीती वाटली गं."

"तेच ते, बाई."

भट्टीकडून तिचे वडील रिकामा ट्रे घेऊन आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ट्रे भिंतीला टेकवत ते म्हणाले, "हिची नजर गेली ना, तेव्हा ही घरात सारखी आदळायची. कधी खुर्ची, कधी टेबल. मला बघवेना. एक दिवस मी सगळ्या खुर्च्या माळ्यावर टाकल्या. तर ही रडून रडून बेजार. म्हणाली, बाबा, मला खुर्च्या कुठे आहेत ते शिकायचंय. आणल्या परत खाली." त्यांनी हाताला लागलेलं पीठ झटकलं. "आपल्यालाच सोसत नाही, बाई. पोरांना सोसतं."

वकील स्टुलावरून उतरली. "उद्या मला आठवीच्या वर्गात घेऊन चला."

सोमवारी मधल्या सुट्टीत तिघी आठवीच्या वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात उभ्या राहिल्या. आजूबाजूला पोरांचा नुसता गोंगाट. बाई म्हणाल्या, "चूक माझी होती. त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. तू माझं नाव सांगितलं असतंस तरी चाललं असतं."

खोडरबर पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली, "मला वाटलं होतं, तुम्ही सांगाल."

वकिलाने हात पुढे केला आणि चाचपडत तिचं कोपर शोधलं. "मी तुला चोर म्हणायला नको होतं. येशील परत? पण एक अट आहे. मी सांगेन तेच लिहायचं. मी शुद्ध वेडेपणा सांगितला तरी तोच लिहायचा."

"माझीपण अट आहे," खोडरबर म्हणाली. "आधी विचारायचं. मग चोर म्हणायचं."

"कबूल."

राहिलेल्या दिवसांत अभ्यासाची पद्धत बदलली, आणि ती बदलली वकिलाने. ती म्हणाली, "माझ्या तोंडून चूक निसटते, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकली तर मला टोचते. हिने लिहिलेलं मला वाचून दाखवायचं, मी माझी सुधारीन. हे तर नियमात बसतं ना?" बाईंनी नियमांचा कागद काढून पाहिला. बसत होतं. इतके आठवडे हे आपल्याला सुचलं नाही, म्हणून त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. खोडरबर एका सुरात वाचायची, 'आय डिड नॉट वेन्ट', आणि वकील दात दुखल्यासारखं तोंड करायची. "ई! गो, गो कर ते." मग खोडरबर खोडायची. त्या कामात तर तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी दोघींना तळमजल्यावर वेगळी खोली मिळाली. दारात पर्यवेक्षक बसले. बाईंना आत जायची परवानगी नव्हती. त्या फाटकाजवळच्या बाकावर बसून राहिल्या. वर्तमानपत्र उघडलं, पण डोळ्यांपुढून अक्षरं नुसतीच सरकत होती. जादा वेळ धरून चार तासांनी दोघी बाहेर आल्या त्या भांडतच.

"काय झालं?" बाई बाकावरून उठल्या.

"शेवटच्या पत्रात ही पुन्हा 'वेन्ट' म्हणाली," खोडरबर म्हणाली. "वाचून दाखवायला वेळच उरला नाही."

"मग?"

"मग 'वेन्ट'च लिहिलं. दोनदा पेन उचललं, बाई. पण लिहिलं."

"अगं, मग निदान खोकायचं तरी!" वकील करवादली.

"खोकले असते तर पुन्हा चोर झाले असते."

वकील इतक्या जोरात हसली की पर्यवेक्षक खिडकीतून डोकावले.

निकाल लागला तेव्हा इंग्रजीत एकोणचाळीस मार्क होते. फार नव्हते. वकिलाने त्याच दिवशी उत्तरपत्रिकेची प्रत मागवायचा अर्ज केला. पास तर ती झालीच होती, पण आपण कुठे चुकलो ते ऐकायची तिला घाई होती. बेकरीवाल्यांनी शिक्षकांच्या खोलीत केक पाठवला. खोडरबरने आपला तुकडा भावंडांसाठी कागदात बांधून घेतला. बाईंशी ती नीट बोलायची, हसायची. पण पूर्वीसारखी टेबलाला रेलून मनातलं काही सांगायची नाही. बाईंना ते कळत होतं. यावर घाई करून उपयोग नाही, हेही कळत होतं.

पुढच्या महिन्यात बाई एकदा बसने घरी निघाल्या होत्या. दुपारची वेळ, बस अर्धी रिकामी. तिकीट द्यायला आलेली कंडक्टर थबकली.

"तुम्ही इंग्रजीच्या बाई ना? मी लेखनिक मुलीची आई."

"अरे वा! फार गुणी मुलगी आहे तुमची."

"तुमचं फार कौतुक करते हो घरी. म्हणते, बाई एकदाही रागावल्या नाहीत." कंडक्टरने तिकीट फाडलं. "मध्ये आठवडाभर मात्र पोट दुखतंय म्हणून लवकर यायची घरी. डॉक्टरकडे चल म्हटलं, तर ऐकेना. परीक्षेचा ताण असेल, नाही?"

बाईंनी तिकीट घेतलं. हो म्हणून मान हलवली असती, तर विषय तिथेच संपला असता.

"पोट दुखत नव्हतं तिचं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला दोन मिनिटं आहेत का?"

कंडक्टरने मागेपुढे पाहिलं आणि समोरच्या सीटच्या कडेला टेकली. बाईंनी जिन्यापासून सगळं सांगितलं, कागदाच्या कडा जुळवल्या तेसुद्धा. मध्ये दोन माणसं चढली, त्यांना तिकिटं देऊन ती परत येऊन बसली. ऐकून झाल्यावर तिने सुट्ट्या पैशांची पिशवी मांडीवर ओढली.

"घरी एक शब्द बोलली नाही," ती म्हणाली. आवाजात राग होता, आणि दुसरंही काहीतरी होतं. "मी आज विचारते तिला."

"विचारा. मी सांगितलं म्हणून सांगा."

कंडक्टरने मान डोलावली आणि एकदम बाहेर पाहून उठली. "अहो बाई, तुमचा स्टॉप मागे गेला!" तिने घंटीची दोरी ओढली.