पहिल्या बाकापुढचा पाट

“स्वल्प ॲडजस्ट माडी, अक्का, जरा जमवून घ्या,” हेडबाई सत्यवतम्मा म्हणाल्या आणि वसुमतीच्या कपाळावरची शीर अशी उडाली, की भिंतीवरचं बंद घड्याळ चालू झालं.

उन्हाळ्यापासून ती जयनगरच्या या शाळेत खेटे घालत होती. इतके, की फाटकापासून कचेरीपर्यंत गवतानं उगवायचं सोडून दिलं आणि शिपाई हेडबाईंच्या आधी तिला कॉफी देऊ लागला. मागणं काय, तर तिसरीतल्या लेकीला, स्मृतीला, पहिला बाक. पोरीला एका कानानं मुळीच ऐकू येत नव्हतं, दुसऱ्यानं जेमतेम. बाईंचे ओठ दिसले, तरच धडा कळायचा. पण शाळेची रीत अशी, की बुटकी पुढं, उंच मागं. आणि स्मृती गेली होती बापावर. रघुनंदन रस्त्यात उभा राहिला, तर कावळे नारळाचं झाड समजून त्याच्यावर घरटं बांधायला काड्या घेऊन येत.

शेवटच्या बाकावरून पोरीला दिसायच्या फक्त पुढच्यांच्या वेण्या. चाचणीत भोपळा मिळाला. पुढच्या परीक्षेतही तेच झालं तर नाव काढून न्या, असं शाळेनं बजावलं. शिक्षण खात्याचे साहेब म्हणत शाळेला विचारा, शाळा म्हणे साहेबांना. मध्ये वसुमतीच्या चपला तेवढ्या झिजल्या.

आज सत्यवतम्मांनी शेवटचं कारण काढलं. ही ताडमाड पोर पुढं बसली, तर मागच्यांना फळा कसा दिसायचा?

वसुमती उठली, घरी गेली आणि ऑटोतून परतली. काखेत लग्नातला शिसवी पाट होता, कोपऱ्यांवर पितळी फुलं.

“पहिल्या बाकाच्या पुढं हा ठेवा. त्यावर बसेल ती, मांडीवर पाटी घेऊन. आता कुणाच्या आड येते, सांगा.”

सत्यवतम्मा पाटाकडे बघत राहिल्या. “पोरीला खाली बसवायचं? लोक काय म्हणतील, अक्का?”

“म्हणू देत. तिला ऐकू येत नाही.”

संध्याकाळी स्मृती उड्या मारतच घरी आली. “आई, बाई गुणाकार शिकवताना मध्येच जांभई देतात.”

जेवायला पानं मांडली. रघुनंदननं आपला पाट बायकोकडे सरकवला. तिनं तो परत ढकलला, उघड्या फरशीवर मांडी घातली आणि सारभात कालवायला घेतला. जोडीतला आता तो एकच उरला होता.